कोणाच्या मांडीवरून

नागपूर
दि. ७ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,

अमिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई माझा फोन उचलत नाही, म्हणून होस्टेलच्या दिवसांसारखी पत्र लिहायला बसली. आम्ही तिघं ठीक आहोत. चंचलला वरचे दोन दात आले. पहिला चावा तिनं वैभवच्या खांद्याला घेतला.

रविवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेलो तेव्हा काय झालं ते आईनं तुम्हाला सांगितलं नसेल. गाडीतल्या चंचलच्या पट्ट्यांच्या छोट्या सीटवर आईनं आपल्या जुन्या लुगड्याची गोधडी अंथरून ठेवली होती. चौदा महिन्यांच्या लेकराला नुसत्या प्लास्टिकवर कसं बसवता, म्हणे. पण खाली गोधडी असली की पट्टे सैल पडतात आणि धक्का बसला तर लेकरू त्यातून निसटतं. मी ती काढली. चंचल रडायला लागली. आईचं रस्ताभर एकच, दे माझ्या मांडीवर, तूही मांडीवरच वाढली. देवळापाशी उतरलो आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुझ्या मांडीचा भरवसा माझ्या हनुवटीवरच्या वणात दिसते सगळ्यांना.

आईनं दर्शन घेतलं आणि एकटीच बसनं घरी गेली.

खरं सांगू बाबा, लहानपणी जिच्यात माझी हनुवटी फुटली त्या जीपचा मला राग नाही. मामाच्या घरून, सावरगावहून येताना पुढच्या सीटवर आपल्यासकट पाच जण बसत होते, तुमचा एक पाय नेहमी दाराबाहेर. आई संत्र्याच्या फोडीचे धागे काढून माझ्या तोंडात टाकायची. सौंसर येईपर्यंत मी झोपून जायची, उठवलं की रडायची. आता चंचल मागे एकटी सीटमध्ये बसते, तेव्हा मलाच मांडीची आठवण येते.

एक फेब्रुवारीपासून मी कामावर जाणार. आई चंचलजवळ राहायला येणार होती. पाळणाघर पाहू का, एवढं तिला विचारून कळवा. मला पाळणाघर नको, आईच पाहिजे. डोक्यावरचा हात काढू नका.

तुमची
अमिता


मोहगाव
दि. १३ जानेवारी २०२५

चि. अमितास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र शनिवारी मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन बगीच्यात फिरून राहिलो. संत्रा, पाणी, गाय सगळं बरं आहे. ते लिहीत बसलो तर मुद्द्याचं राहून जाईल.

तू माझ्या मांडीवर होती बेटा. तुझ्या मायच्या नाही.

त्र्याण्णवचा पोळा होता. तू दोन वर्षांची. गोटमारीची दगडफेक पाहून सावरगावहून परत येऊन राहिलो होतो. तुझी माय जीपमध्ये मागे, पिशव्या धरून. तिनं दोनदा म्हटलं, पोरगी माझ्याकडे द्या. मी दिली नाही. सासुरवाडीचा नवा शर्ट अंगात, लेकीला समोर उभी करून रस्त्यानं सजवलेले बैल दाखवत होतो. पांढुर्ण्याच्या बाहेर एक बैल आडवा आला, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि तू हातातून गेली. घट्ट धरलं होतं, असं मला आजही वाटते. काचेखालच्या लोखंडी पट्टीवर हनुवटी आपटली. सौंसरला डॉक्टरनं तीन टाके घातले.

घरी तुझी आजी दारातच उभी होती. कोणाच्या मांडीवर होती, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, हिच्या. कसा बोलून गेलो, मला अजून समजलं नाही. तुझ्या मायनं माझ्याकडे पाहिलं अन् तुला घेऊन आत गेली. त्यापुढे तीन वर्षं आजीनं तिला माहेरी पाठवलं नाही, पोरं सांभाळता येत नाही म्हणे. मधल्या वर्षी तिचे वडील वारले. तेव्हा गेली ती मातीलाच. मी त्याही दिवशी तोंड उघडलं नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. लसूण सोलून राहिली होती, शेवटपर्यंत सोलत राहिली. मग म्हणाली, पाकीट बंद नका करू, मले लिहायचं आहे. म्हणून पाकीट उघडं ठेवतो. बापाला माफ करायची घाई करू नको, पण पत्र बंद करू नको.

तुझा बाप
कवडू


मोहगाव
दि. १५ जानेवारी २०२५

चि. अमिता,

तुले अन् चंचलले आशीर्वाद. सातवीनंतर हातात पेन धरला नाही, अक्षर समजून घेजो. काल संक्रांतीचे लाडू केले, डबा भरून ठेवला आहे.

पाळणाघर पाहू नको, मी येऊन राहिली. वैभवरावले म्हणा, तीस तारखेले घ्याले या. गोधडी आणीन, पण पट्टे बांधून झाले की वरून टाकीन.

बाबानं लिहिलं ते खरं आहे. राग होता, खोटं काहून सांगू. माहे बाबा गेले तवा लय होता. पण तू त्यायले काही बोलू नको, दोन दिवसांपासून माणूस धड जेवून नाही राहिला.

आता जे सांगते ते त्यायलेही सांगितलं नाही. एकतीस वर्षं मी मनाले एकच म्हणत आली, माह्या मांडीवर असती तर पोरगी सुटली नसती. त्याच्याच भरोशावर गप्प राहिली. जामसांवलीले गेलो त्या दिवशी देवळापाशी गाडी थांबली, वैभवराव नारळ घ्याले गेले, तू फोनवर बोलत उतरली. चंचल रडून राहिली होती. मी तिचा पट्टा सैल कराले ओढला. दोन्ही हातांनी ओढला. बोटं लाल झाली, पट्टा हालला नाही. मग तू आली अन् तसं बोलली.

बसमध्ये मले रडू आलं, ते तुह्या बोलण्याचं नव्हतं. हाताकडे पाहून आलं. त्या पट्ट्याएवढा जोर माह्या हातात कधीच नव्हता. जीपमध्ये तू माह्या मांडीवर असती तरी हातातून गेली असती.

येताना मले चंचलच्या बाजूले बसव, अन् माहा पट्टा तूच बांधून देजो. माया आहेच, ती काय लिहायची.

तुही माय
विजयमाला