वेगळ्या भांड्यातल्या कण्या

माय, तरी मी म्हणणारच, एवढं तिखट करायचं काही कारण नव्हतं. तू गेलीस म्हणून हे भांडण मिटलं असं समजू नकोस. माझ्याकडून ते चालूच आहे. डाळ कसली होती ती? लाल पाणी. भाकरीचा तुकडा नुसता टेकवला तरी टाळू पेटायची, नाक वाहायचं, आणि एका वाटीत दोन भाकरी संपायच्या. मला वाटायचं, दिवसभर मिरचीत बसून हिची जीभ मेली, हिला कळतच नाही आता. तुला सगळं कळत होतं. कालवण तिखट असलं की माणूस ते बेताने लावतो, भाकर जास्त खातो आणि पाणी पिऊन उठतो. पावशेर डाळीत तू चार माणसं दोन वेळा उठवायचीस. हा तुझा हिशोब होता. एकदा तरी बोलून दाखवायचा होतास. नाही बोललीस, म्हणून अर्धी चूक तुझी. उरलेल्या अर्ध्यासाठी मी लिहायला बसलोय. सहावीत शाळा सोडली, माझं अक्षर तुला माहीत आहे. हे तुला पोचणार नाही म्हणूनच लिहितोय. समोर असतीस तर पुन्हा आवाज चढवला असता.

मला ती पथारी आठवते. नंदुरबारच्या बाहेर उघड्या रानात मिरची वाळत घातलेली, नजर जाईल तिथवर लाल, आणि त्या लालमध्ये तोंडाला फडकं बांधून बसलेल्या तुम्ही बायका. देठ खुडायचे, चांगली मिरची एकीकडे, पांढरी पडलेली फटकी दुसरीकडे. फटकीतली ओंजळ-दोन ओंजळ मुकादम तुम्हाला घरी नेऊ द्यायचा. त्यामुळे घरात दुसरं काही असो-नसो, मिरची असायचीच. तू घरी येतेस, दारातच बसतेस, मूठभर ज्वारीचं पीठ हाताला चोळून झटकतेस, मग हात धुतेस. तोवर धाकटीने तुझ्याजवळ यायचं नाही. ती तेव्हा दहा वर्षांची, लांबूनच विचारायची, "झायं का माय? आते येऊ का?" आणि तू हात नाकाजवळ नेऊन बघायचीस आणि म्हणायचीस, "थांब, आजून जळस."

आधी आपण असे नव्हतो. बाप मार्केट यार्डात हमाली करत होता तोवर बाजाराच्या दिवशी घरात शेव यायची, गरम भजी यायची, महिन्यातून एकदा हॉटेलातली शेवभाजी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून यायची. मग बापाची कंबर गेली. पोतं पाठीवर असतानाच गेली, तो खाटेवर पडला तो पडलाच. त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराला तू पिशवी घेऊन आलीस आणि मी सवयीने हात घातला.

"माय, शेव?"

"शेव कसानी? बाप खाटवर पडेल शे ना तुन्हा."

"मंग खावानं काय?"

"मी रांधसू ते."

खोलीचं भाडं कमी होत नाही, लाइटचं बिल कमी होत नाही, बापाच्या गोळ्या कमी होत नाहीत. कमी करता येईल असं घरात एकच होतं, खाणं. ते तू असं कमी केलंस की शेजारणी विचारायला येऊ लागल्या. गहू बंद. ज्वारीत उडीद दळून कळण्याची भाकर, कारण ती पोटात जास्त वेळ टिकते. तुरी काढून झाल्या की सुट्टीच्या दिवशी धाकटीला घेऊन जायचीस, शेतात गळालेले दाणे वेचून आणायचीस. भाजी बाजार उठताना घ्यायची, सकाळी नाही. अंबाडी स्वस्त असताना वाळवून ठेवायची. ताक कुणी दिलं की कढी आणि त्यात फुनके, डाळीचे गोळे वाफवून. ते तुझे फुनके मी आजही कुणापुढे वाईट म्हणणार नाही. आणि या सगळ्यावर फटकी मिरची.

मी तेव्हा अठराचा होतो. गॅरेजात पंधरा दिवस, कुणाच्या टेम्पोवर महिना, टिकायचो कुठेच नाही. पैसे मिळाले की तुझ्यापासून लपवून विसरवाडीला हायवेवर जाऊन ढाब्यात खायचो आणि घरी येऊन तुझ्या ताटाला नावं ठेवायचो. मग एक दिवस मी ते भांडं पाहिलं. चुलीच्या मागे, जर्मनचं छोटं पातेलं, वर ताटली झाकलेली. दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशीही. तू आम्हाला वाढायचीस आणि स्वतः नंतर, पाठ करून, त्यातलं खायचीस. माझ्या डोक्यात आलं, ही स्वतःसाठी चांगलंचुंगलं करते. दूध असेल, भात असेल, तूप असेल. धाकटी शाळेत गेली होती, दारात तुझ्याबरोबरच्या दोघी बसल्या होत्या, पथारीवर जायला निघालेल्या. त्यांच्यासमोर मी ओरडलो, "आम्हले आग खावाडस आनि तू येगळं रांधीसन खास!" आणि ताटली उचलून फेकली.

ज्वारीच्या कण्या होत्या. पाण्यात शिजवलेल्या, मीठसुद्धा नसेल. त्या दोघींतली एक म्हणाली, "काय रे, राजाना भोजन दिसनं का?" दुसरी हसली. तू हसली नाहीस, रागावलीही नाहीस. ताटली उचललीस, पदराने पुसलीस. म्हणालीस, "कण्या शेतस त्या. तुले व्हयी त खाय." आणि डोक्याला फडकं बांधून निघून गेलीस.

माय, एवढ्यावर मला कळायला हवं होतं. कण्या कोण चोरून खातं? पण मी लाजलो होतो आणि लाजेत माणूस आणखी अडून बसतो. तुला कुणा डॉक्टरने सांगितलं होतं, पोटात जखम आहे, तिखट बंद कर, हे तू गेल्यावर बापाने फक्त मला सांगितलं, धाकटी लहान होती. तू त्यालाही बजावलं होतंस, पोरांना बोलू नको. आणि डाळच फिकी करायची, तर ती पुरणार नाही. म्हणून ते एक वेगळं भांडं. घरात तेवढीच एक गोष्ट तू स्वतःसाठी करत होतीस.

दुसऱ्या दिवसापासून ते भांडं चुलीमागे दिसलं नाही. तू आमच्यात बसलीस, आमच्याच वाटीत भाकर बुडवलीस, आणि मी मनात म्हटलं, आता कशी वाटेवर आली. हे मी म्हटलं होतं. शब्द तसेच आठवतात.

पाच महिन्यांनी तू गेलीस. मी सुरतेला लूमवर होतो, फोन आला तेव्हा तुला दवाखान्यात नेऊन झालं होतं आणि रक्ताच्या उलट्याही होऊन गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा तुझे हात धुतलेले होते. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं, उशीर झाला. मिरचीनेच झालं असं कुणी म्हणालं नाही. मी विचारलंही नाही. हो म्हणाले असते तर?

आता मी मोरबीला आहे, टाइल्सच्या कारखान्यात खोके भरतो. दीड वर्ष टिकलोय, हसू नकोस. एका खोलीत सहा जण. आधी खानावळीचा डबा होता, आठवडा संपायच्या आत पगाराचा लचका जायचा. मग मीच म्हणालो, मी करतो स्वयंपाक. आणि माय, हात आपोआप तुझ्याच वाटेने गेला. बाजार उठताना भाजी, डाळ पातळ, वर मिरची. पहिल्याच महिन्यात खर्च निम्म्यावर आला. पोरांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. आमच्यात एक झाबुआकडचे मामा आहेत, पन्नाशीचे. एकदा मी पाहिलं, ते डाळीतले दाणे तळहातावर काढून पाण्याने धुतात आणि मग खातात.

"मामा, ये क्या करते हो?"

"जलता है बेटा, पेट में."

"तो बोला क्यों नहीं?"

"तू सबका पैसा बचा रहा है. मैं बोलूँ तो तू अलग बनाएगा. गैस जलेगी."

मी उठून बाहेर गेलो. परत आलो आणि मामांसाठी वेगळं पातेलं चढवलं. आता रोज चढवतो. कुणी काही म्हणत नाही. गॅसही काही एवढा जळत नाही, माय. हे मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं.

पण खरी गोष्ट धाकटीची आहे. ती आता एकोणीसची आहे, तुझ्याच पथारीवर जाते, घर तीच चालवते, आणि फोनवर मला ऐकवते, "मायपेक्षा बी कमीमा आठवडा काढस मी." अभिमान केवढा! तुझं सगळं तिने उचललंय, कळणा, वाळवलेली अंबाडी, लाल पाणी. मागच्या महिन्यात बाप हळूच म्हणाला की ती जेवल्यावर पोट धरून बसते. मी तिला फोन केला.

"भाऊ, जळस थोडं. त्यानं काय व्हस?"

"दवाखान्यात जाय. आनि सोतासाठे येगळं रांध, बिनमिरचीनं."

"दोन भांडा कोन चढावी? मायनं कधी येगळं रांधं का? ती तं आपलं जोडेच खाये."

जोडेच खाये. तिच्या आठवणीत तू तीच आहेस, शेवटच्या पाच महिन्यांतली, आमच्यात बसून बुडवून खाणारी. आणि ती तशीच व्हायला निघालीय. मी फोन ठेवला आणि पंधरा दिवस केला नाही. सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. न सांगितलं तर ती ऐकणार नव्हती, ती तुझीच पोरगी.

गेल्या रविवारी सांगितलं. भांडं, ताटली, त्या दोघी, मी काय ओरडलो ते, सगळं. फोनमध्ये तिच्या मागे बापाचा खोकला ऐकू येत होता. मग म्हणाली, "मले वाटे, मायले तिखट आवडे." आणि फोन कापला. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी एवढाच निरोप आला, चिंचपाड्याना दवाखानामा पुढला सोमवारना नंबर लावेल शे, तपासणीना पैसा धाड. पुढे भाऊ लिहिलं नव्हतं. नेहमी लिहिते.

मी तिला लगेच कळवलं, तीन हजार धाडतो. तेवढे होते माझ्याकडे. पण त्या रविवारनंतर मला माझ्या हातची डाळ गिळेना, माय. पोरांना वाढायचो, मामांचं वेगळं वाढायचो, आणि काहीतरी सांगून बाहेर पडायचो. चार दिवस दोन्ही वेळा हॉटेलात जेवलो. तुझ्यापासून लपवून खायचो तसाच, भिंतीकडे तोंड करून. तिला अजून सांगितलेलं नाही की ठरले तेवढे येणार नाहीत. आज सकाळी खिसा उलटा करून मोजले. बावीसशे रुपये पाठवतोय.