सोळांवर थांबणारा माणूस

प्रिय मर्ल,

पत्र माझं आहे म्हणून फाडणार असशील तर आधी चष्मा लाव, वाच आणि मग फाड. जोलीनने काल फोनवर सगळं सांगितलं. डाव्या पायाचं सडणं घोट्यापर्यंत आलंय, सर्जन म्हणतो गुडघ्याखालून काढू या, आणि तू म्हणालास, "बघू या, पुढच्या आठवड्यात उतरेल." वर नर्सकडे पॅनकेक मागितलेस, सिरप घालून. साखरेनेच पाय खाल्ला आणि हा पठ्ठ्या साखरच मागतोय. आपली पोरगी रडत होती. मला मात्र हसू आलं, कारण तुझा हा डाव मी पूर्वीही पाहिलाय.

अडतीस वर्षांपूर्वी रीनोच्या कसिनोत मी डीलर म्हणून पत्ते वाटत होते त्या टेबलाशी तू येऊन बसलास, तेव्हा तुझ्या हातात दहा आणि सहा होते आणि माझा उघडा पत्ता राजा, म्हणजे दहाच. ब्लॅकजॅकमध्ये याहून भिकार हात सहसा येत नाही. एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलं की मेलं. सोळांवर पत्ता घ्यावा तर बहुधा आपण मरतो, न घ्यावा तर बहुधा डीलर मारतो. अशा वेळी शहाणा माणूस पैशांऐवजी लावलेल्या चिपांच्या मागे बोटाने आडवी रेघ ओढतो. सरेंडर. लावलेल्यातलं अर्धं डीलरने न्यायचं, अर्धं आपण घेऊन उठायचं. शेजारच्या म्हातारीने तिचं कार्ड तुझ्यापुढे सरकवलं होतं; दुकानात मिळतं ते, कुठल्या हातावर काय करायचं हे छापलेलं. आणि तू काय म्हणालास? "बाई, हे वाचून खेळायला मी काय शाळेत बसलोय? मर्द माणूस शरण जात नाही." पत्त्यांवरून हात फिरवलास आणि थांबलास. मी माझा झाकलेला पत्ता उलटला, पाच. पुढे आली राणी. पंचवीस. मी मेले, तू जिंकलास, आणि सगळ्या टेबलाला बिअर पाजलीस.

तिथेच तुझं वाटोळं झालं. त्या दिवशी हरला असतास तर काही शिकला तरी असतास. चुकीचा डाव जिंकलेल्या माणसाला देव खाली उतरला तरी शिकवू शकत नाही. आणि मी बावळट, मला तो बेदरकारपणा वाटला, लग्न केलं मी त्याच्याशी. तो बेदरकारपणा नव्हता रे. पुढचा पत्ता बघायची भीती होती नुसती.

मग आयुष्यभर तेच. तू कामाला होतास ती खाण बंद पडणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. त्यांनी अर्ध्या पगारावर ऑफिसातलं काम देऊ केलं, तू नाक मुरडलंस आणि वर्षभर घरात बसून खाण उघडायची वाट पाहिलीस. मी बॅग भरून निघाले तेव्हा सोफ्यावरून उठलासुद्धा नाहीस. शेजाऱ्याला म्हणालास, "येईल संध्याकाळपर्यंत." सोळा वर्षं झाली त्या संध्याकाळला.

तो सोळांचा हात शंभरदा आला तर जवळजवळ सत्त्याहत्तर वेळा माणूस हरतो. मी चाळीस वर्षं टेबलाच्या पलीकडे उभी आहे, मला सांगू नकोस. उरलेले तेवीस देवाने तुझ्या एकट्यासाठी राखून ठेवलेत, असं तुला कुणी सांगितलं? आणि सरेंडर पहिल्या दोन पत्त्यांवरच मिळतं. तिसरा घेतलास की मग कितीही रेघा ओढ, डीलर नुसती मान हलवतो. सर्जनही तेच सांगतोय. आज गुडघ्याखालून भागेल, महिन्याभराने मांडीतून, आणि त्यानंतर कापायलाही कुणी हात लावणार नाही. गुरुवारची वेळ त्याने तुझ्यासाठी अडवून ठेवलीय.

आता हे मी का लिहितेय ते ऐक. मार्चमध्ये मी जोलीनला सांगितलं की बॉइझीला बहिणीकडे जातेय. खोटं होतं ते. तू आत्ता आहेस त्याच हॉस्पिटलात होते मी, दोन मजले वर. कॅन्सर निघाला, माझा डावा स्तन काढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बघू या, महिनाभर थांबू." तुझे शब्द, मर्ल, माझ्या तोंडात. मला स्वतःची इतकी किळस आली की मी तिथल्या तिथे पेन मागून सही केली. तुझा तिरस्कार करता करता मी वाचले, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. बुधवारी सुट्टी घेतलीय, दुपारी येतेय. सही कर. तू लंगडत माझ्या दारात आलास तर मी तुला शिव्या घालीन, रोज घालीन, पण तू मेलास तर मी कुणाला घालू?

कोर्टाचा कागद काहीही म्हणो, तुझीच,
लोरेट