अकरा घोड्यांची हजेरी

क्षितिज रँच, वाघोलीच्या पुढे,
तारीख बारा

आदरणीय सुरुचीवहिनींना वासंतीचा नमस्कार, गुडघ्यांना झेपेल तितका वाकून.

तुमची प्रकृती बरी असेलच. बंगळुरूची हवा चांगली आहे आणि स्पृहाच्या घरी कोणी घोडा पाळलेला नाही, तेव्हा रक्तदाबाची गोळी अर्ध्यावर आली असेल. पत्र पाहून नवल वाटेल. पण तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझे निरोप एका खुणेवर अडकून पडलेत (एक खूण म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय हे मला कळतं), म्हणून टपालखात्याला कामाला लावलं. दादा आहे. बोलत नाही, उजव्या हाताचं एक बोट हलतं. ही जागा तीस तारखेला रिकामी करून द्यायची आहे आणि त्याला कुठे न्यायचं ते ठरलेलं नाही. केयूर तुम्हाला सगळं व्यवस्थित आहे असं सांगत असेल. तुमचा मुलगा लहानपणीही प्रगतिपुस्तक असंच सांगायचा.

तळेगावहून तुम्ही निघून गेलात त्याला दीड वर्ष झालं. दादाने रँचवरचे दोन घोडे महिनाभर तुमच्या बंगल्याच्या बागेत ठेवले, त्यांनी तुमचे चाळीस कलमी गुलाब काट्यांसकट खाल्ले, आणि दादा म्हणाला, 'पचलं त्यांना, काळजी करू नकोस.' तुम्ही बंगल्याला कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकलीत आणि लेकीकडे गेलात. मी तुमच्या जागी असते तर दादाला आत ठेवून मग कुलूप घातलं असतं. त्यामुळे दादाची बाजू घेण्यासाठी हे पत्र नाही. औषधाच्या बाटल्यांची झाकणं करून ज्याने भोसरीत तीन शेड उभ्या केल्या, तो मनुष्य टेक्सासच्या प्रदर्शनाला जातो, तिथे चार दिवस कुणाच्या रँचवर राहतो आणि काउबॉयची टोपी घालून परत येतो. टोपीपाशी थांबला असता तर आपण हसून सोडून दिलं असतं. त्याने कारखाना विकला आणि या माळावर बावीस एकर घेतले. घेतले म्हणजे मी घेतले. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी हवा आणि आपल्या सात पिढ्या कसब्यात, कुंडीतल्या तुळशीपलीकडे कुणी काही पेरलेलं नाही. शेतकरी निघाले मी, कारण आमच्या श्रीनिवासरावांच्या मागे शिरवळजवळची अकरा गुंठे खडकाळ टेकडी माझ्या नावावर लागली होती. जन्मात कोथिंबीर न जगवलेली मी विमा कंपनीतली निवृत्त बाई सातबाऱ्यावर रँचची मालकीण झाले, आणि दादा टोपी घालून मालकासारखा फिरला. तेव्हा आपण सगळेच हसलो होतो. कागद मात्र हसत नाही, हे मी चौतीस वर्षं लोकांचे विम्याचे दावे नामंजूर करताना त्यांना सांगत आले होते.

रँच म्हणजे काय ते तुम्ही पाहिलंत, पण वास्तुशांतीनंतर तुम्ही फारशा आला नाहीत. (त्या दिवशी सत्यनारायणाचे केळीचे खांब घोड्यांनी खाल्ले आणि गुरुजींनी दक्षिणा घेऊन पुढचे अध्याय मोटारीत बसून उरकले, ते तुमच्या लक्षात असेल.) दादाने शर्यतींतून बाद झालेले दहा घोडे आणि एक घोडी आणली. घोड्यांना कारखान्यातल्या निवृत्त फोरमनांची नावं दिली. खरे तात्याराव एकदा नातवंडांना घेऊन आले, तेव्हा दादाने त्यांची तात्याराव घोड्याशी ओळख करून दिली. त्यांनी घोड्याच्या तोंडात डोकावून पाहिलं. मग म्हणाले, 'साहेब, माझे दात याच्यापेक्षा बरे आहेत.' घोडीचं नाव दादाने वासंती ठेवलं. का, असं मी विचारलं. 'चावते,' म्हणाला. भोसरीचा भोंगाही त्याने इथे आणून बसवला. सकाळी आठला भोंगा वाजायचा, पागेचं दार उघडायचं आणि अकरा जनावरं घरासमोरून ओळीने माळाकडे जायची. दादा व्हरांड्यात उभा राहून प्रत्येकामागे एक बोट उचलायचा. पहिल्या पाळीची हजेरी. गावातले लोक वरातीसाठी घोडा मागायला आले की तो साफ नाही म्हणायचा. निवृत्त माणसाला बँडपुढे नाचवायचं नसतं, म्हणायचा. त्यावरून अर्धं गाव त्याच्याशी बोलत नव्हतं.

मार्चमध्ये तो तात्यारावाच्या ठाणात कोसळला. सोनबा सांगतो की घोडा त्याच्यावर चारी पाय रोवून अर्धा तास उभा होता, एक खूर हलवला नाही. (सोनबा म्हणजे ज्याची ही जमीन होती तो. जमीन विकून तो इथेच घोड्यांची निगा राखायला राहिला. त्याची बायको शकू आता दादाला भरवते.) इस्पितळातले आठ दिवस तुम्ही होतातच. केयूरच्या चौदाव्या मजल्यावर न्यायचं म्हटलं की दादा ते एक बोट खाटेच्या कडेला अडकवून ठेवायचा, म्हणून त्याला इथे आणला, आणि 'मी पागेच्या दारात मरणार नाही' असं सांगून तुम्ही गाडी पकडलीत. तिथपर्यंतचं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं केयूरने सांगितलेलं नसणार.

केयूर माझ्याकडे कसब्यात पेढे घेऊन आला. भाचे पेढे घेऊन आले की आत्यांनी दार लावून घ्यावं. म्हणाला, आत्या, बाबांना आता काही कळत नाही, तिथे बावीस एकरांवर दोन म्हातारी माणसं त्यांना सांभाळतायत, उद्या काही झालं तर जबाबदारी मालक म्हणून तुझी. जमीन एक बिल्डर घेतोय, घोडे बारामतीकडच्या एका संस्थेत जातील, बाबांना खाली तळमजल्यावर चांगलं शुश्रूषा केंद्र बघू. बोलणं चुकीचं नव्हतं, तेच तर वाईट आहे. मी निबंधकांच्या कार्यालयात गेले, फोटो काढला, अंगठा दिला, सही केली. खरेदीखतात एक ओळ होती, जागेवरील सर्व सजीव-निर्जीव चीजवस्तूंसह. बारीक अक्षरात होती. माझ्या लक्षात आली नाही.

नवव्या दिवशी दोन ट्रक आले. मी त्याच सकाळी दादाला बघायला आले होते. बिल्डरचा मनुष्य यादी घेऊन उभा होता आणि सोनबा एकेकाला नावाने हाक मारून फळीवर चढवत होता. यज्ञेश्वर, तात्याराव, एकेक करून दहा. वासंतीला मात्र त्यांनी सोडून दिलं. एक डोळा गेलेला, वय झालेलं, आणि यादीवाल्याच्या दंडाला तिने दात लावले. शकू मला म्हणाली, 'बाई, जनावरं गेली असं सायबांस्नी सांगू नगा. जीव हाय त्यो त्यांचा.' मी कसली सांगते. मी केयूरला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. अजूनही तो मीटिंगमध्येच आहे.

संस्था कुठली आहे ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. औषधं आणायला घरी गेले होते, गॅलरीत उभी होते. खालून वरात चालली होती. घोड्याच्या डोक्यावर तुरा, अंगावर बल्बच्या माळा, मागे ट्रॉलीवर जनरेटर, आणि वर भेदरलेला नवरा मुलगा. घोड्याच्या कपाळावर यज्ञेश्वराचा पांढरा डाग होता. तो नाचत नव्हता. बँडवाले मागे पुढे होत होते आणि तो शिस्तीत चालला होता, पहिल्या पाळीला निघाल्यासारखा. मी हाक मारली नाही. वरातीतल्या घोड्याला फोरमनच्या नावाने हाक मारणारी म्हातारी कसब्यात लगेच प्रसिद्ध होते.

ट्रक आले त्या दिवसापासून मी इथेच राहायला आले आहे. आता आमची पद्धत ऐका. दादाची खाट खिडकीला लागून आहे, पण मान वळत नाही, त्याला फक्त छत दिसतं आणि बाहेरचं ऐकू येतं. आठला सोनबा भोंगा वाजवतो, मग वासंतीला घेऊन खिडकीखालून जातो, घराला वळसा घालतो आणि पुन्हा खिडकीखालून जातो. अकरा वेळा. दर वेळी दादाचं बोट उठतं. अकराव्यांदा बोट उठलं की तो डोळे मिटतो आणि शकू त्याला पेज भरवते. त्याआधी तोंड उघडत नाही. ही युक्ती माझी. सोनबाने पहिल्याच दिवशी शंका काढली, 'बाई, सायबांस्नी पावलं वळखू येत्यात.' मी त्याला गप्प केलं. खरं तर मला आठवायला हवं होतं की भोसरीला दादा डोळे मिटून शेडमध्ये उभा राहायचा आणि चाळीस यंत्रांतलं कुठलं यंत्र झाकण वाकडं काढतंय ते आवाजावरून सांगायचा. पण युक्ती आपली असली की माणूस तिच्यावरचा दावा तपासत नाही.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुली शनिवारी पाप सांगून यायच्या आणि दुपारी हलक्या होऊन लंगडी खेळायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटे. आम्हाला तशी सोय नव्हती, आमचं सगळं घरातच मुरायचं. तेव्हा एवढं लांबण लावलं त्याचा राग मानू नका. इकडे ऊन फार आहे. स्पृहाला आशीर्वाद.

तुमची,
वासंती

ता. क. तळेगावच्या बंगल्याची किल्ली पाठवा. डॉक्टर म्हणतात, हलवायचं तर तळमजला हवा आणि शांत जागा हवी. तुमच्या मागच्या खोलीची खिडकी बागेकडे उघडते. दादाबरोबर घोडीही येईल. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल, आणि तुमचं बरोबर आहे. तरी पाठवा. तीसच्या आत पोचली पाहिजे. स्वतः घेऊन आलात तर मी कसब्यात परत जाईन आणि तुमच्या मध्ये बोलणार नाही.

ता. क. दुसरा. बारीक अक्षरातली ओळ लक्षात आली नाही असं वर लिहिलं आहे. आली होती. चष्मा डोळ्यावर होता. सजीव हा शब्द मी दोनदा वाचला. दादाने घोडीला माझं नाव दिलं त्याचा राग आठ वर्षं होता, आणि वाटलं, जाऊ देत एकदाचे. जी उरली तिचं नाव काय ते तुम्हाला सांगितलंच आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं ठेवून हे लिहिते आहे. आज सकाळी सोनबाचा गुडघा धरला. सातव्या फेरीनंतर तो ओट्यावर बसला आणि वासंती त्याच्याजवळ उभी राहिली. बाहेर काही वाजत नव्हतं. मी खाटेवर वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. दादाने बोट उचललं. आठ. थोडं थांबून पुन्हा. नऊ. दहा. अकरा. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होता, लहानपणी मी गणितात अडले की बघायचा तसा. मग त्याने डोळे मिटले आणि पेजेसाठी तोंड उघडलं. हे तो पहिल्या दिवसापासून माझ्यासाठी करत होता, वहिनी. तेव्हा गुलाबांची काळजी करू नका. तळेगावला अकरा फेऱ्या लागणार नाहीत. एक पुरेल.