टक्क्याच्या पुढचं वाक्य

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी हे माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. बाबा बरे आहेत. डोळ्यांचं मात्र तेच. आता पेपरातले मथळेसुद्धा वाचून दाखवावे लागतात. त्यांच्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती संपल्या. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून अजून मागणी येतेय, छापखानेवाले दुसरी आवृत्ती काढू म्हणतायत.

मुळात ते पुस्तक हे तुझंच खूळ. गिरणीच्या रंगखात्यातून निवृत्त झाल्यावर बाबा घरभर येरझारा घालायचे आणि दिसेल त्या पडद्याच्या रंगाला नावं ठेवायचे. तूच एकदा वैतागून म्हणालीस, एवढं येतंय तर सांगा, मी टाईप करते. मग दोन हिवाळे तू ऑफिसातून परस्पर इकडे यायचीस. ते ‘चवीपुरता निळा’ म्हणायचे आणि तू खोदून खोदून त्याचा टक्का काढायचीस. मी शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसलेला. शेवटी पानांची मांडणी तेवढी माझ्याकडे आली.

मांडणीच्या त्या प्रोग्रॅमला काही चिन्हं म्हणजे हुकूम वाटतात. & चुकीच्या जागी आलं की तो बोंब मारून थांबतो, म्हणजे निदान कळतं तरी. % चं तसं नाही. त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर ओळीतलं पुढचं सगळं तो गुपचूप गिळून टाकतो. रंगांच्या कृतींमध्ये तर पानोपानी टक्के. मी सगळीकडे रेघा घातल्या आणि स्वतःवरच खूश झालो. प्रस्तावना बाबांनी अगदी शेवटी, तुला कळू न देता, शेजारच्या काकांकडून टाईप करून घेतली होती. ती मी तशीच चिकटवली.

शेवटच्या प्रूफात प्रस्तावनेखाली एक तुकडा लोंबत होता: ‘या पुस्तकातलं ८०’. पुढे काही नाही. मूळ फाईल त्याच कॉम्प्युटरवर होती, उघडून बघायला कितीसा वेळ लागला असता? मी तो तुकडा पुसून टाकला. बाबांनी विचारलं, ताईचं नीट आलंय ना रे? मी न बघताच हो म्हणालो.

प्रकाशनाच्या दिवशी मी तुला व्यासपीठावरून पाहत होतो. तू प्रस्तावना वाचलीस, पान उलटलंस, पुन्हा मागे आलीस. मग पुस्तक खुर्चीवर ठेवून निघून गेलीस. बाबा परवापर्यंत विचारायचे, तिचं काय बिनसलं? मी म्हणायचो, तिचा स्वभाव तुम्हाला माहितीये ना.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या आवृत्तीसाठी मूळ फाईल उघडली. प्रस्तावनेच्या शेवटी एकच लांब ओळ होती: ‘या पुस्तकातलं ८०% काम माझ्या थोरल्या लेकीचं. मी नुसता बोलत गेलो. ती नसती तर हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं.’

प्रोग्रॅमने खाल्लं असं सांगून मोकळा झालो असतो. पण ताई, तो तुकडा पुसताना मला शंका आली होती. आतल्या पानावर ‘मांडणी’खाली माझं नाव होतं. आपल्या दोघांत फक्त माझंच, आणि ते मला आवडलं होतं.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, म्हणजे तिला वाटतंय, मी तिला विसरलो? आणि उठून चाचपडत चपला शोधायला लागले. आधी मला लिहू द्या, म्हणून कसंबसं थांबवलंय. रविवारी सकाळी त्यांना घेऊन येतोय. जिना चढवून दारापर्यंत सोडेन, बेल ते वाजवतील. मी खाली रस्त्यावर उभा असेन. त्यांना तेवढं दार उघड. मला वर बोलवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझाच,
धाकटा