केवळ वय वाढले म्हणून

मी, अस्मिता मनोहर कारखानीस, वय एकाहत्तर, अविवाहित, निवासी विशेष शाळेची सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्या दडपणाला किंवा आग्रहाला बळी न पडता लिहून ठेवत आहे. दडपण आणणारे या गावात कमी नव्हते, पण त्यांना यश आले नाही, हेही येथेच नोंदवते.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉ. दर्शना यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले आणि घड्याळाचे चित्र काढून घेतले. मी सगळे बिनचूक केले. माझ्या मुलांना आयुष्यभर असेच प्रश्न विचारले गेले आणि उत्तरे चुकली म्हणून त्यांच्या नशिबाचे निकाल लागले. मला एकदाच विचारले, तरी मी प्रत्येक उत्तर दोनदा तपासले.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. घर. महाडमधील माझे दुमजली घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात वडिलोपार्जित काही नाही आणि त्यावर कोणा नातेवाइकाचा हक्क नाही. हे घर, अंगण आणि मागील पडवीसह, मी या मुलांसाठी आम्ही स्थापन केलेल्या 'सोबत' न्यासाला देत आहे. हे घर बौद्धिक अक्षमता असलेल्या, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींच्या निवासासाठीच वापरावे. ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही. या घरात राहणाऱ्या कोणालाही केवळ वय वाढले म्हणून बाहेर काढता येणार नाही. हे वाक्य वकील अवधूत यांनी दोन वेळा खोडून सौम्य केले. मी दोन्ही वेळा पुन्हा होते तसे लिहिले.

असे का, ते सांगते.

आमच्या शाळेत मूल सहा-सात वर्षांचे असताना येई. त्याला शर्टाची बटणे लावता यावीत म्हणून आमच्या शिक्षिका वर्षभर घाम गाळत. ताट वाढणे, अंथरूण घालणे, रस्ता ओलांडणे, कोणी अंगाला नको तिथे हात लावला तर ओरडणे, हे सगळे शिकता शिकता मूल अठरा वर्षांचे होई. आणि अठरावा वाढदिवस झाला की पटावरून नाव कमी. अनुदान बंद, खाट दुसऱ्याला. ज्या वयात बाकीच्यांची मुले पुण्या-मुंबईला शिकायला जातात, त्याच वयात आमच्या मुलांचे शिक्षण संपले असे जाहीर व्हायचे.

शुभम हा कशेडी घाटाखालच्या एका वाडीतला. अठरा पूर्ण झाल्यावर त्याचे काका येऊन त्याला घेऊन गेले. जाताना तो सगळ्यांच्या पाया पडला. आपण सुट्टीला चाललोय, अशीच त्याची समजूत होती. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, एसटी बंद पडली, आणि त्या पावसात हा मुलगा महामार्गाने चालत महाडला आला. सकाळी प्रार्थना चालू असताना मला फाटकापाशी आवाज ऐकू आला. पहारेकरी त्याला सांगत होता, "तुझं नाव पटावर नाय रे आता. आत सोडायची ऑर्डर नाय."

मला पाहून शुभम हसला. पायात एकच चप्पल होती. म्हणाला, "बाई, सुट्टी संपली. माझं अंथरूण कुठं हाय?"

मी फाटक उघडले. तेव्हाच्या संस्थाध्यक्षांनी मला कार्यालयात बोलावून सांगितले, "कारखानीस बाई, ही शाळा आहे, धर्मशाळा नाही. आज याला ठेवलंत तर उद्या सगळे येतील."

मी म्हटले, "येऊ देत. त्यांना जायला दुसरी जागा दाखवा, मी स्वतः पोचवून येते."

त्यांच्याकडे जागा नव्हती. माझ्याकडे घर होते. काकांना विचारले, तर ते सुटल्यासारखे हो म्हणाले. त्या संध्याकाळी शुभम माझ्याकडे राहायला आला, तो आजतागायत येथेच आहे.

दुसरी आवडी. ती कुडपणची. तिची आई रंगूबाई तिला न्यायला आली आणि व्हरांड्यातच बसून राहिली. म्हणाली, "बाई, आमी दोघं शेतावर जातो. पोरीला घरात कोंडून जायचं का मोकळी सोडायची? कोंडली तर डोकं आपटून घेते. मोकळी सोडली तर गावातले सगळेच काय देवमाणसं नायत. तुमीच सांगा, मी काय करू?"

ज्यांनी तो नियम केला त्यांनी रंगूबाईसमोर बसून उत्तर द्यायला हवे होते. ते तेथे नव्हते, म्हणून मी दिले. आवडी माझ्याकडे आली. नंतर आणखी आले, आणि खालचा मजला मुलग्यांचा, वरचा मुलींचा झाला. निवृत्त झाल्यावर मला वेळच वेळ होता. शाळेतील निवासी सोय अठराच्या पुढे वाढवावी म्हणून मी विधानसभेच्या दर अधिवेशनाआधी पालकांना घेऊन अलिबागला, पुण्याला, मुंबईला जात राहिले. "तुमचा विषय आमच्या टेबलाचा नाही," असे ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्यांच्या टेबलासमोर आम्ही डबा उघडून जेवलो. आवडीने एका साहेबांना स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. त्यांनी ती खाल्ली, हे मात्र कबूल केले पाहिजे.

कलम २. शेजार. शेजारचे विनीत यांनी आमच्याविरुद्ध नगरपालिकेत तक्रार केली होती. वस्तीत 'असली' मुले नकोत, लेकीसुना घाबरतात, असा मजकूर होता. दोन हजार एकवीसच्या जुलैमध्ये पुराचे पाणी गल्लीत शिरले तेव्हा त्यांचे घर बैठे, आमचे दुमजली. शुभमने आणि मी त्यांच्या आईला खुर्चीत बसवून जिन्याने वर आणले. पाणी उतरेपर्यंत, दोन रात्री, ते सगळे कुटुंब मुलींच्या खोलीत राहिले. विनीतची लेक दोन्ही रात्री आवडीच्या कुशीत झोपली. पाणी ओसरल्यावर विनीत पेढे घेऊन आले. तक्रार मात्र त्यांनी आजवर मागे घेतलेली नाही. न्यासाने पेढे विसरू नयेत आणि तक्रारही विसरू नये. अंगणाची भिंत आहे तेवढीच उंच ठेवावी, एक वीटही वाढवू नये.

कलम ३. कामाची भांडी व यंत्रे. बिरवाडीत खोल्या घेऊन राहणाऱ्या कारखान्यांतील कामगारांना आमच्या घरातून जेवणाचे डबे जातात. त्यासाठीच्या शेगड्या, तवे, पराती आणि डबे हे सर्व शुभम व त्याच्यासोबत काम करणाऱ्यांच्या मालकीचे राहील. घरघंटी आवडीची. शुभम भाजीत कधी कधी मीठ घालायचे विसरतो. कामगार ओरडतात, वरून मीठ घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा मागवतात. म्हणून त्याला चुलीपासून हटवून झाडू हाती देण्याची सुधारणा कोणी करू नये. चुकायचा अधिकार मलाही होता.

कलम ४. बँकेतील ठेवी, निवृत्तीवेतनाची शिल्लक आणि आईच्या पाटल्या न्यासाला. त्यातून जेवण, औषधे आणि सेवकांचे पगार द्यावेत. संगमरवरी पाटी, माझा पुतळा, तैलचित्र यांवर एक पैसाही खर्च करू नये.

कलम ५. माझा पुतण्या आमोद, राहणार पुणे. गेल्या दिवाळीत तो बांधकाम व्यावसायिक मित्राला बरोबर घेऊन आला. मित्र अंगणात मोजून पावले टाकत होता आणि हा मला म्हणाला, "आत्या, एवढं केलंस ते पुष्कळ झालं. ही मुलं काही तुझ्या रक्ताची नाहीत. आता काय तो कागद करून ठेव, म्हणजे मागे भानगड नको."

आमोद, हा घे कागद.

तुला लहानपणी ज्याच्यात लपायला आवडायचे ते सागवानी कपाट मी तुला देत आहे, कारण तेव्हाचा आमोद मला आवडत असे. तू या मृत्युपत्राला आव्हान दिलेस तर कपाटही न्यासाकडेच राहील. मुलांना लपायला जागा लागतेच.

कलम ६. व्यवस्था. मृत्युपत्राची अंमलबजावणी विशेष शिक्षिका मानसी हिने करावी. ती माझ्याशी भांडते, म्हणून तिची निवड केली आहे.

कलम ७. शाळा. मागील वर्षी शाळेला अठरा वर्षांवरील मुलांसाठी निवासी वर्गाची परवानगी मिळाली. वयोमर्यादा पंचवीस. शुभमला ठेवू नका म्हणणाऱ्या त्याच, आता माजी, अध्यक्षांच्या हस्ते फीत कापली गेली. मला निमंत्रण नव्हते. मी सगळ्या मुलांना नवे कपडे घालून नेले आणि पहिल्या रांगेत बसले. भाषणे संपल्यावर उभी राहून विचारले, "आणि सव्विसाव्या वर्षी?" कोणी तरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, प्रश्न बुडवण्यासाठी. मी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिले आणि पुन्हा विचारले. उत्तर अद्याप आलेले नाही. मानसीने दरवर्षी शाळेच्या वार्षिक समारंभाला जावे आणि हेच विचारावे. माझी शोकसभा झाल्यास माजी अध्यक्षांच्या हाती माइक देऊ नये. मी त्यांना क्षमा केलेली नाही आणि मेल्यावर माझ्या वतीने कोणी करू नये.

कलम ८. माझ्या मृत्यूबद्दल. हे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बाई गावाला गेल्या, देवबाप्पाकडे गेल्या, झोपल्या, असे मुलांना सांगू नये. शुभमची आई वारली तेव्हा काकांनी त्याला "आई मुंबईला गेली" असे सांगितले. तो स्टँडवर मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन उतरणाऱ्या बायकांची तोंडे पाहत असे. मला कळले तेव्हा मी त्याला गावी नेऊन आईला जाळले ती जागा दाखवली. आई मेली, आता येणार नाही, असे सरळ सांगितले. तो जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडला. घरी येऊन जेवला. त्यानंतर तो स्टँडवर गेला नाही. त्यांना कळत नाही, ही आपली सोय आहे.

म्हणून माझा देह घरी, खालच्या मजल्यावर ठेवावा. मुलांना हात लावू द्यावा. गार का लागते, असे कोणी विचारल्यास खरे उत्तर द्यावे. हसले तर हसू द्यावे. सगळ्यांचे पाहून झाल्याशिवाय मला उचलू नये. लोकांना उशीर होत असेल तर त्यांनी घरी जावे.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून मी सही करत आहे. आवडी सकाळपासून माझ्या खुर्चीमागे उभी आहे आणि तिलाही सही करायची आहे. अवधूत म्हणाले, "बाई, कायद्याने तिची साक्ष टिकणार नाही."

मी म्हटले, "साक्ष नको. ती इथे राहते, एवढंच तिने लिहायचं आहे."

ठिकाण : महाड
दिनांक : ११ डिसेंबर २०२५

लिहून देणार : अस्मिता मनोहर कारखानीस (सही)

आमच्यासमक्ष, पूर्ण शुद्धीत, त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :
१. डॉ. दर्शना विलास साळवी, महाड (सही)
२. अॅड. अवधूत रमाकांत जोगळेकर, महाड (सही)

साक्षीदार नव्हे; या घरात राहणारी :
आ व डी