मनकर्णाबाईच्या पत्रावळी

श्री मारुती प्रसन्न.

मी पुंजाजी वल्द इंद्रभान अवचार, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार केनवड, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, बुद्धी ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. देह धडधाकट आहे. पण अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणापासून मन हादरले आहे, म्हणून आजच लिहितो.

१. राहते घर, शेत व बैलजोडी मुलगा दौलत यास. पोथी मात्र सुनेस द्यावी. ती वाचायला शिकली. मुलगा शिकून विसरला.

२. नाल्याकाठची पळसाची पट्टी माझी धाकटी बहीण मनकर्णाबाई हिच्या मालकीची राहील. लहानपणीच विधवा होऊन ती माहेरी आली. याच पळसाच्या पत्रावळी शिवून ती पोट भरते. कोणापुढे हात पसरला नाही. दौलत पट्टीला लागून असलेल्या जीनमध्ये, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, बॉयलरवर आहे. तो म्हणतो, "बाबा, त्या पळसात आता काय ठेवलं? जिनवाल्या शेठले देऊन टाकू, कोळसा टाकाले जागा होईल." ते होऊ नये.

३. कारण लिहितो. अखजीला मारुतीचा भंडारा होता. गरम वरण वाढले आणि पत्रावळीखालून वाहू लागले. साऱ्या पंगतीची धोतरे पिवळी झाली. पंगतीत बसलेले गावातले बबनराव ओरडले, "काहो मनकर्णाबाई, पत्रावळ शिवली का चाळणी?" पंगत हसली. देवळाच्या पंचांनी तिथेच तिचे भंडाऱ्याच्या पत्रावळींचे काम काढून घेतले. ती मला म्हणाली, "दादा, म्या पानं निवडूनच घेतले. मले काहून हसून राह्यले सारे?"

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत पट्टीत गेलो. वैशाखातली कोवळी पाने, पण जीनच्या बाजूला त्यांवर काजळी आणि करपलेले डाग, ठिणग्या उडाल्यासारखे. एका डागावर अंगठा दाबला तर तेवढाच तुकडा गळून पडला, भोक राहिले. त्याच झाडाची पलीकडची पाने धड होती. वर चिमणी धूर सोडत होती. झाडाला आग नाही आणि पान जळालेले, असे जन्मात पाहिले नव्हते. देवाला दाखवायचा नैवेद्य यापुढे कशावर वाढायचा?

दौलतला पान दाखवले. तो म्हणाला, "धुरानं कुठी पान फाटते का? तुमी बी, बाबा!"

४. म्हणून माझ्या तेरवीची पंगत मनकर्णेच्याच पत्रावळींवर बसवावी. पाने जीनच्या बाजूची घ्यावीत, खाली ताट ठेवू नये. पहिल्या पाटावर जिनवाले शेठ, दुसऱ्यावर दौलत, तिसऱ्यावर बबनराव. वरण गरम असावे आणि हात सैल सोडून वाढावे. ज्याचे धोतर कोरडे राहील, त्याने खुशाल माझ्या बहिणीला नावे ठेवावीत.

सही: पुंजाजी वल्द इंद्रभान

साक्षीदार:
धरमसिंग, राहणार तांडा. निशाणी अंगठा.
बबनराव, राहणार केनवड. कलम चार स्वतः वाचून सही केली. जुने धोतर नेसून येईन म्हणाले.

मुक्काम केनवड, वैशाख वद्य एकादशी, शके १८६०, सन १९३८.