रस्ता झाला, पिशव्या येतातच

नाहूर, ४ डिसेंबर २०२४

ती. शकुताईस,
जयवंतचा सा. न. वि. वि.

आमच्या गल्लीचा रस्ता पूर्ण झाला. ठेकेदाराकडच्या मनाली मॅडमनी काल स्वतः येऊन सांगितलं, की आम्ही जमवलेल्या दुधाच्या पिशव्या आणि काचेचा चुरा डांबरात मिसळला. आता आणखी नको. दुसरी गल्ली कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. रस्ता झकास झालाय. हे काम तुझ्या भावजयीने, क्षमाने सुरू केलं होतं. ती असती तर शेजारपाजाऱ्यांना हाताला धरून दाखवायला नेलं असतं.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. गुडघे कसे आहेत?

लोभ राहू दे.
तुझा जयवंत


कांदिवली, २२ डिसेंबर

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद.

गुडघे माझ्यासारखेच हट्टी. माझा सुयोग परवा तुझ्याकडे येऊन गेला. म्हणतो, मामाच्या हॉलमध्ये सोफा दिसत नाही, नुसती पिशव्यांची पोती. तो बसला असताना तिसऱ्या मजल्यावरची ऋता आणखी एक गाठोडं घेऊन आली, आणि तू तिला चहा पाजलास म्हणे. अरे, रस्ता होऊन गेला ना? तुझी गल्ली काय गोव्यापर्यंत जाते? लोकांना सांगत का नाहीस? खरं काय ते लिही.

माया आहेच.
शकुताई


नाहूर, ८ जानेवारी २०२५

ती. शकुताईस सा. न.

खरं लिहितो. क्षमा गेली नि घरात मी एकटा उरलो. तेव्हापासून बेल वाजायची ती पिशव्यांसाठीच. लोक त्या धुऊन, दोरीवर वाळवून आणायचे आणि जरा टेकायचे. ऋता आईच्या तब्येतीचं सांगायची. घेणं बंद केलं तर कोण कशाला येईल? म्हणून बोललो नाही. पण परवा ऋताने विचारलं, पुढचा रस्ता कुठला, काका? त्याच संध्याकाळी जिन्याखाली पाटी लावली, पिशव्या आणू नयेत. त्यानंतर कोणी आलेलं नाही.

शनिवारी भंगारवाल्याचा टेम्पो सगळं नेईल. रविवारी सुयोग तुला इथे आणून सोडतो म्हणालाय. किती दिवसांसाठी, ते त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तुझा जयवंत